खडकवासल्याहून अंतराळाकडे

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१९८४ सालच्या गुढीपाडव्याचा दुसरा दिवस. तारीख ३ एप्रिल. घरोघरच्या गुढ्या आदल्या दिवशी उतरल्या होत्या आणि त्या संध्याकाळी कझाकस्तानातील बैकानूर तळावरून 'सोयूझ टी-११' हे यान आकाशात झेपावले. त्यात तिघे जण होते. युरी मालिशेव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह हे दोन सोव्हिएत अंतराळवीर आणि तिसरे भारतीय हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा. वय वर्षे पस्तीस. अंतराळात जाणारे पहिले भारतीय.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. निदान ठाऊक आहे असे सर्वांना वाटते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी अंतराळस्थानकाशी संपर्क साधून विचारले, की वरून भारत कसा दिसतो? शर्मांनी कवी इक्बाल यांच्या प्रसिद्ध गीताच्या पहिल्या ओळीतच उत्तर दिले. देशाचे ऊर भरून आले. शाळाशाळांतील सामान्यज्ञानाच्या वहीत एका प्रश्नाची भर पडली. आणि तेथेच बहुतेकांच्या लेखी राकेश शर्मा संपले. एक प्रश्न आणि एक उत्तर! ज्या माणसाने त्या क्षणापर्यंत पोहोचण्यासाठी वयाची सतरा-अठरा वर्षे वेचली, त्याच्या आयुष्याचे सार आपण एका ओळीत गुंडाळून ठेवले. आज त्या ओळीच्या आधीचे आणि नंतरचे पाहायचे आहे.

राकेश शर्मा यांचा जन्म १३ जानेवारी १९४९ चा, पंजाबातील पतियाळाचा. शिक्षण मात्र हैदराबादेत झाले. सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल आणि पुढे निजाम कॉलेज. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. त्या काळात भारतीय मुलाने अंतराळवीर होण्याचे स्वप्न पाहणे म्हणजे हास्यास्पदच. देशात त्या वेळी ना अग्निबाण होता, ना उपग्रह, ना अंतराळसंशोधनाची संघटना. थुंबा येथून पहिला छोटा अग्निबाण सुटला तो १९६३ साली, आणि तोही अमेरिकेकडून मिळालेला. तेव्हा त्या मुलाच्या आवाक्यात होते ते विमान. तेवढी इच्छा त्याने मनाशी धरली आणि जुलै १९६६ मध्ये, सतराव्या वर्षी, तो पुण्याजवळच्या खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत हवाई दलाचा छात्र म्हणून दाखल झाला.

येथून ही कथा आपल्या महाराष्ट्राची होते. आपण मराठी माणसे तिच्याकडे या दृष्टीने कधी पाहत नाही, हे आपले दुर्दैव म्हणायचे की आळस?

खडकवासल्याची ही भूमी कोणती? एका बाजूला धरणाचे पाणी, समोर सिंहगड. तानाजी मालुसऱ्यांचे रक्त जेथे सांडले त्या गडाच्या पायथ्याशी स्वतंत्र भारताने आपल्या तिन्ही सेनादलांच्या भावी अधिकाऱ्यांची शाळा उभारली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पायाभरणी झाली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे औपचारिक उद्घाटन झाले. तिच्या भव्य मुख्य इमारतीला 'सुदान ब्लॉक' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणार्थ प्राण देणाऱ्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ त्या देशाने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. प्रबोधिनीचे ब्रीदवाक्य आहे 'सेवा परमो धर्मः'. येथे पंजाबचा, केरळचा, आसामचा आणि आपल्या शिरोळ-कागलचा मुलगा एकाच रांगेत झोपतो, एकाच पंगतीत जेवतो आणि पहाटे एकाच शिट्टीवर उठतो. शाखेत वाढलेल्यांना या जीवनक्रमाची कल्पना निराळी द्यावी लागणार नाही. नवख्या छात्रांना सह्याद्रीच्या डोंगरांतून पाठीवर ओझे घेऊन चालवले जाते. तोरण्याच्या परिसरातील शिबिराचे नावच 'कॅम्प तोरणा'. आणि चुकार छात्रांची शिक्षा म्हणून सिंहगडाची चढण ठरलेली. ज्या वाटेवरून मावळे चढले त्याच वाटेवरून देशाचे भावी सेनापती घाम गाळत चढतात, यापरते चांगले इतिहासशिक्षण कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळणार?

तीन वर्षे येथे घालवून आणि पुढचे उड्डाणाचे प्रशिक्षण पूर्ण करून शर्मा १९७० मध्ये वैमानिक अधिकारी झाले. वर्षभरातच युद्ध पेटले. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात त्यांनी मिग-२१ विमानातून एकवीस लढाऊ उड्डाणे केली. तेव्हा त्यांना तेवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या घरातल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे क्षणभर पाहावे आणि मग हा आकडा पुन्हा ऐकावा.

युद्धानंतर शर्मा चाचणीवैमानिक झाले. हा व्यवसाय सामान्यांच्या फारसा परिचयाचा नाही. नवे किंवा दुरुस्त झालेले विमान दलाच्या स्वाधीन करण्यापूर्वी कोणीतरी ते उडवून पाहावे लागते. ते किती वेगाने जाते, किती उंचीवर धाप टाकते, कोणत्या वळणावर हातचे सुटते, हे पाहण्यासाठी मुद्दाम त्या टोकाला न्यावे लागते. परत आल्यावर घडलेले सारे मोजूनमापून अभियंत्यांना सांगावे लागते. 'विमान जरा कुरकुरत होते' असे म्हणून तेथे भागत नाही. नेमके काय झाले, कोणत्या क्षणी झाले, काट्याने काय दाखवले, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी नुसते धैर्य पुरत नाही. संकटाच्या क्षणीही शांतपणे निरीक्षण करणारी बुद्धी लागते. अमेरिकेचे पहिले अंतराळवीर याच पेशातून आले, तो योगायोग नव्हे.

सोव्हिएत संघाने 'इंटरकॉसमॉस' या योजनेखाली मित्रदेशांच्या नागरिकांना अंतराळात नेण्यास १९७८ मध्ये प्रारंभ केला. पहिला मान चेकोस्लोव्हाकियाला मिळाला. पुढे व्हिएतनाम, क्यूबा, मंगोलिया अशा देशांचे वीरही जाऊन आले. भारताची पाळी आली तेव्हा आपण चौदावे राष्ट्र ठरलो. या निमंत्रणामागे मैत्री होती तसेच शीतयुद्धाचे राजकारणही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणतीही महासत्ता निव्वळ प्रेमापोटी पाहुण्याला अंतराळात नेत नाही. पण पाहुणा म्हणून गेलेल्याने आपली योग्यता तेथे सिद्ध करायची असते आणि ती भारताच्या दोन वैमानिकांनी केली.

होय, दोन. सप्टेंबर १९८२ मध्ये दोघांची निवड झाली. राकेश शर्मा आणि विंग कमांडर रवीश मल्होत्रा. मल्होत्रांचा जन्म १९४३ सालचा, लाहोरचा, म्हणजे आज परदेश झालेल्या आपल्याच भूमीतला. दोघांनी मॉस्कोजवळच्या 'स्टार सिटी'त एकाच वेळी, एकाच काटेकोरपणाने तयारी केली. तेथील सारा अभ्यास रशियन भाषेत. यानाची यंत्रणा रशियनमध्ये, सूचना रशियनमध्ये, परीक्षाही रशियनमध्येच. तिशी उलटलेल्या माणसांनी आधी परकी भाषा आत्मसात करायची आणि मग त्या भाषेत अंतराळविज्ञान. अखेर जाणार एकच, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. उड्डाणाच्या दिवशी शर्मा यानात बसले आणि मल्होत्रा जमिनीवर राहिले. मल्होत्रांना पुढे कीर्तिचक्र मिळाले. पण सामान्यज्ञानाच्या वहीत त्यांचे नाव नाही. ज्याची तयारी पूर्ण आहे, पण ज्याला पुढे जायला मिळत नाही, आणि तरीही जो सहकाऱ्याच्या यशासाठी जीव ओततो, अशा माणसाचे मोल कार्यकर्त्याला वेगळे समजावून सांगायला नको.

त्यापूर्वी बंगळूरच्या हवाई वैद्यक संस्थेत निवड झालेल्यांच्या शरीराची आणि मनाची कसून तपासणी झाली. बंद जागेची भीती वाटते का हे पाहण्यासाठी शर्मांना बहात्तर तास एका खोलीत कोंडून ठेवण्यात आले. बाहेरच्या जगाशी संबंध नाही, मनुष्याचा सहवास नाही.

आता यानातल्या तिसऱ्या माणसाविषयी, स्त्रेकालोव्ह यांच्याविषयी. त्यांची कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. २६ सप्टेंबर १९८३ रोजी, म्हणजे भारतीय मोहिमेच्या जेमतेम सहा महिने आधी, ते व्लादिमीर तितोव्ह यांच्यासह दुसऱ्या एका सोयूझ यानात बसले होते. उड्डाणाला दीडेक मिनिट उरले असताना अग्निबाणाला तळाशी आग लागली. यानाच्या शेंड्यावर एक छोटा सुटकेचा अग्निबाण बसवलेला असतो. नियंत्रकांनी तो पेटवला. काही सेकंदांत त्याने यानाची कुपी ज्वाळांतून उचलून दूर नेली आणि पाठोपाठ खालचा महाकाय अग्निबाण स्फोट होऊन नष्ट झाला. कुपी सुमारे चार किलोमीटरवर सुखरूप उतरली. तोच माणूस सहा महिन्यांनी, आजारी पडलेल्या सहकाऱ्याच्या जागी, त्याच तळावरून शर्मांच्या शेजारी बसून पुन्हा निघाला! शर्मांना हा सारा इतिहास ठाऊक होता. यानाचे दार बंद झाले तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल याचा तर्क आपण न केलेलाच बरा. एवढे खरे, की चाचणीवैमानिकाला जोखमीचे गणित आधीच मांडून ठेवण्याची सवय असते.

दुसऱ्या दिवशी यान 'सॅल्यूत-७' या अंतराळस्थानकाला जोडले गेले. तेथे तिघे सोव्हिएत अंतराळवीर आधीपासून राहत होते. सहा माणसे, अरुंद जागा आणि वजन म्हणून काही नाही. शरीरातले रक्त डोक्याकडे चढते, चेहरा सुजतो, पोटात ढवळते. दर दीड तासाला पृथ्वीची एक प्रदक्षिणा होते, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय. संध्यावंदन करणाऱ्याने तेथे काय करावे, असा प्रश्न एखाद्या शास्त्रीबुवांना पडावा! म्हैसूरच्या संरक्षण अन्नसंशोधन प्रयोगशाळेने तयार केलेला शिरा, छोले आणि पुलाव शर्मांनी बरोबर नेला होता आणि सोव्हिएत सहकाऱ्यांनीही त्याचा आस्वाद घेतला. राजघाटावरची चिमूटभर मातीही बरोबर होती.

या मोहिमेत शर्मांनी योगासनांचाही प्रयोग केला. वजनरहित अवस्थेत स्नायू लवकर शिथिल होतात. त्यावर योगाभ्यासाचा काही उपाय होतो का, हे पाहायचे होते. आपल्या परंपरेतील विद्या अंतराळात गेली, याचा अभिमान योग्यच आहे. त्यासोबत सत्यही सांगितले पाहिजे. जेथे वजन नाही तेथे आसनाला आधार नाही. शरीर तरंगत राहते. त्यामुळे शर्मांना स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन आसने करावी लागली आणि ते सोपे नव्हते, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. आठ दिवसांत एका माणसावर झालेला तो प्रयोग होता. त्यावरून मोठमोठे दावे करणारे लेख मधूनमधून दिसतात, त्यांनी योगाचीही सेवा होत नाही आणि विज्ञानाचीही. योग थोर आहे, त्याला फुगवलेल्या पुराव्याची गरज नाही.

मोहिमेचा देशाला खरा उपयोग झाला तो छायाचित्रांचा. 'टेरा' या प्रयोगात शर्मांनी विविध वर्णपट टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी भारताच्या मोठ्या भूभागाची छायाचित्रे घेतली. वने, जलाशय, हिमाच्छादित पर्वत, खनिजांच्या शक्यता, किनारपट्टी. आज आपण हातातल्या फोनवर आपल्या गल्लीचे उपग्रहचित्र पाहतो, म्हणून त्याचे अप्रूप वाटत नाही. तेव्हा देशाचा स्वतःचा परिपूर्ण दूरसंवेदन उपग्रह नव्हता. तो 'आयआरएस-१ए' १७ मार्च १९८८ रोजी गेला आणि गेला तोही बैकानूरहूनच. पंतप्रधानांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर साऱ्या देशाला पाठ आहे. त्याच वेळी कॅमेऱ्याने दिलेले उत्तर मात्र फार थोड्यांनी वाचले.

सात दिवस, एकवीस तास आणि चाळीस मिनिटांनी, ११ एप्रिलला, शर्मा कझाकस्तानच्या माळावर उतरले. भारताने त्यांना अशोकचक्र दिले आणि दोघा सोव्हिएत सहकाऱ्यांनाही दिले. सोव्हिएत संघाने शर्मांना आपला 'हीरो' हा सर्वोच्च सन्मान दिला. देशभर मिरवणुका झाल्या, हार पडले, सह्या मागितल्या गेल्या. वर देव भेटला का, असेही लोक त्यांना विचारत. नाही भेटला, असे ते सांगत. पुढे पुढे तर, हे काका चंद्रावर जाऊन आले, असे सांगून आया आपल्या मुलांची त्यांच्याशी ओळख करून देऊ लागल्या. शर्मांनी हे किस्से हसत हसत सांगितले आहेत. आपल्याला मात्र त्यावर हसताना थोडा संकोच वाटायला हवा. ज्याला आपण डोक्यावर घेतले त्याने काय केले, हे विचारण्याचीही तसदी आपण घेतली नव्हती.

शर्मा स्वतः मात्र विमानाकडे परतले. १९८७ मध्ये ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मुख्य चाचणीवैमानिक म्हणून रुजू झाले आणि १९९२ पर्यंत नाशिकजवळ ओझरला होते. म्हणजे घडणीची सुरुवातीची वर्षे खडकवासल्याला आणि कर्तृत्वाची नंतरची वर्षे ओझरला. या माणसावर महाराष्ट्राचा एवढा हक्क आहे. ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडणारी मिग विमाने ते उडवून पाहत. एकदा त्याच परिसरात मिग-२१ ची चाचणी घेताना ते मृत्यूच्या दाढेतून थोडक्यात बचावले. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर त्याला जागा मिळाली असेल असे वाटत नाही. अंतराळात जाऊन आलेला, अशोकचक्राचा मानकरी माणूस, आयुष्यभर पुरेल एवढी कीर्ती गाठीशी असताना, चाळिशीनंतर पुन्हा रोज तीच जोखीम पत्करतो, कारण ते त्याचे काम आहे. त्या आठ दिवसांपेक्षा ही वर्षे मोठी आहेत, असे कोणी म्हटले तर त्याच्याशी वाद घालणे कठीण आहे.

आता नंतरचा काळ. शर्मांनंतर भारताचा दुसरा अंतराळवीर जायला एक्केचाळीस वर्षे लागली. का? एक प्रयत्न झाला होता. अमेरिकेच्या शटल यानातून जाण्यासाठी इस्रोच्या एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन या दोघा शास्त्रज्ञांची निवड झाली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' शटल आकाशात नष्ट झाले आणि ती मोहीम रद्द झाली. दुसऱ्याच्या यानातली जागा ही अशीच असते. त्याचे यान थांबले की आपणही थांबतो.

स्वतःचे यान मात्र तेव्हा आपल्या शक्तीबाहेर होते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९८० मध्ये 'एसएलव्ही-३' ने अवकाशात नेलेला रोहिणी उपग्रह अवघा पस्तीस किलोचा होता. माणसांसह सोयूझ यानाचे वजन सात टनांच्या घरात. या दोहोंमधले अंतर घोषणांनी कापता येत नाही. जड भार उचलायचा तर अतिशीत इंधनाचे क्रायोजेनिक इंजिन हवे. ते तंत्रज्ञान रशियाकडून घेण्याचा करार झाला, तेव्हा अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. मग आपल्या शास्त्रज्ञांनी ते स्वतः घडवले. वीस वर्षे लागली. ५ जानेवारी २०१४ रोजी भारतीय क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्ही यशस्वी झाला. ज्यांनी दार बंद केले त्यांचे, कटुतेनेच का होईना, आभार मानावेत असा तो दिवस होता. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारताच्या स्वतःच्या यानातून भारतीय माणूस अंतराळात नेण्याची घोषणा केली. तेच 'गगनयान'. त्याचा अग्निबाण एलव्हीएम-३ याच्या बांधणीत पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचाही हात आहे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला झालेली गगनयानाची एक चाचणी कशाची होती? संकटकाळी अंतराळवीरांची कुपी अग्निबाणापासून उचलून दूर नेणाऱ्या यंत्रणेची. स्त्रेकालोव्हना ज्या यंत्राने जीवदान दिले, त्याच जातीचे यंत्र आता आपले अभियंते आपल्या हातांनी घडवतात.

गगनयानासाठी निवडलेल्या चार वैमानिकांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ रोजी देशासमोर आली. प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. एक केरळचा, एक लखनौचा, कोणी आणखी कुठला. पण चौघेही खडकवासल्याचे! त्यांतील शुक्ला २५ जून २०२५ रोजी 'ॲक्सिअम-४' मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाले आणि १५ जुलैला परतले. कारगिलच्या युद्धाने भारावलेला हा लखनौचा मुलगा प्रबोधिनीत कसा आला? मित्राने आणलेला प्रवेश-अर्ज त्याने भरला. घरात आधी कोणी सैन्यात नव्हते.

येथे कोल्हापूरकरांशी थोडे रोखठोक बोलायला हवे. या जिल्ह्याला सैन्याची वाट दाखवावी लागत नाही. शिरोळ तालुक्यात गावाच्या नावातच 'सैनिक' आहे, सैनिक टाकळी. आकाशाचे वेडही या मातीला नवे नाही. विश्वाच्या उत्पत्तीचा शोध घेणारे डॉ. जयंत नारळीकर १९३८ मध्ये याच कोल्हापुरात जन्मले. पण आपल्या घरांतील मुले जवान म्हणून जितक्या सहजपणे भरतीच्या मैदानावर उतरतात, तितक्या सहजपणे अधिकारी होण्याच्या परीक्षेला बसत नाहीत. इंग्रजीची भीती, मुलाखतीची धास्ती आणि माहितीचा अभाव. खडकवासला कोल्हापूरपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये सुरू झाली ती आपल्या शेजारच्या साताऱ्यात. दिल्लीचा, डेहराडूनचा पालक आपल्या मुलाला हजारो मैलांवरून येथे पाठवतो. आपण मात्र सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन, पलीकडच्या त्या घुमटाकडे पाहत परत येतो.

मुलींच्या पालकांनीही आता कान द्यावेत. २०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी मुलांच्या खांद्याला खांदा लावून संचलन करत बाहेर पडली. सैनिकी शाळांतही आता मुलींना प्रवेश आहे. प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. म्हणजे हा निर्णय दहावीनंतर विषय निवडतानाच व्हावा लागतो. बारावीचा निकाल लागल्यावर घरात चर्चा सुरू केली, तर एक वर्ष हातचे गेलेले असते. आज सभागृहात आठवी-नववीची बरीच मुले-मुली दिसत आहेत. त्यांचे आईवडीलही शेजारीच बसले आहेत. अर्ज कुठे मिळतो, तयारी कशी करावी, वैद्यकीय तपासणीत काय पाहतात, याविषयी ज्यांना विचारायचे असेल त्यांनी आता विचारावे. त्यासाठी राखलेला वेळ पुरेसा आहे.